रविवारचे साडेनऊ आणि रामनवमीचे बारा

चैत्र शुद्ध नवमीचा माध्यान्हकाळ जवळ आला की पंचवटीतील वातावरणच पालटते. गोदेच्या घाटावरून ओलेत्याने येणारी माणसे, मंदिराच्या सभामंडपात दाटलेल्या मायबहिणी, फुलांनी गुंफलेली पाळण्याची दोरी, सुंठवड्याचा दरवळ, आणि बाराच्या ठोक्याकडे लागलेले सर्वांचे कान! या नगरीत नारदांच्या गादीवर उभे राहून आम्हांस चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. साठी उलटली, आवाजाची धार थोडी कमी झाली. परंतु जन्माचे कीर्तन सांगताना अंगावर येणारा काटा मात्र पहिल्या वर्षी होता तसाच आहे.

आजच्या मंगल दिनी वाचकांपुढे जो विषय मांडावयाचा आहे, तो काही शास्त्रीबुवांच्या तोंडी शोभेसा नाही, असे कोणी म्हणेल. विषय आहे दूरदर्शनवरील ‘रामायण’ या जुन्या मालिकेचा, तीत रामसीतेची सोंगे घेतलेल्या नटनट्यांचा, आणि त्या सोंगांतून सामान्य माणसाच्या पदरी पडलेल्या श्रद्धेचा व धीराचा. परंतु कीर्तनकाराने जे अनुभवले ते श्रोत्यांपासून लपवू नये, अशी आमच्या तीर्थरूपांची शिकवण होती. तेव्हा परिपाठाप्रमाणे पूर्वरंग प्रथम सांगू, आख्यान मागाहून.

रिकामा सभामंडप

दि. २५ जानेवारी १९८७ हा रविवार होता. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचा पहिला भाग त्या सकाळी प्रक्षेपित झाला. तेव्हापासून ३१ जुलै १९८८ पर्यंत, अठ्ठ्याहत्तर भागांमध्ये, रविवार सकाळचे साडेनऊ म्हणजे जणू एक नवा मुहूर्तच होऊन बसला. रस्ते ओस पडत. ज्याच्या घरी संच असे त्याच्या ओटीवर, खिडकीत, जिन्यावर माणसे दाटत. कित्येक घरी दूरदर्शन संचाला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई, आणि पादत्राणे उंबरठ्याबाहेर काढूनच मंडळी आत येत.

आम्ही त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होतो. आमच्या वडिलांचे दर रविवारी सकाळी नऊ वाजता एका लहान राममंदिरात प्रवचन असे. त्या जानेवारीपर्यंत साठ-सत्तर श्रोते नियमाने येत. मार्च उजाडेपर्यंत सभामंडपात तिघे उरले, आणि त्या तिघांपैकी एका आजोबांना डोळ्यांनी दिसत नव्हते! आम्हांस श्रोत्यांचा फार राग आला. ‘ज्यांना आपण इतकी वर्षे वाल्मीकी सांगितला, ते एका चित्रामागे धावले,’ असे आम्ही रागाने बोललो. वडिलांनी उपरणे खांद्यावर सारखे केले आणि शांतपणे विचारले, “श्रोते गेले कोठे? रामाकडेच ना? मग तू का रडतोस?”

पुढच्याच रविवारपासून त्यांनी प्रवचनाची वेळ दुपारी चारची केली, आणि विषय ठेवला, ‘सकाळी पाहिले ते, आणि वाल्मीकींनी सांगितले ते’. स्वतः सकाळी शेजारच्या वाड्यात जाऊन, पाटावर बसून, ते एकेक भाग लक्षपूर्वक पाहत. दुपारी श्रोते प्रश्नांची ओंजळ घेऊन येत. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या मूळ कथेत नाही, हे ऐकून सभामंडप थक्क झाला होता, ते आम्हांस आजही आठवते. मग रेषा आली कोठून, कवींनी ती का काढली, सीतामाईने ती का ओलांडली, या चर्चेत दिवेलागण झाली. त्या चातुर्मासात बसावयास जागा पुरेना. ‘त्यांनी दाखवावे, आपण सांगावे, रामाची वाटणी होत नाही,’ असे वडील म्हणत.

नाथांची पुण्याई, मराठी माणसांची अयोध्या

वस्तुतः ही मालिका आपणांस इतकी परकी नव्हतीच. तिच्या आरंभी ज्या रामकथांचा आधार सांगितला जाई, त्यांत वाल्मीकी, तुलसीदास व कंबन यांच्याबरोबर पैठणच्या एकनाथमहाराजांच्या ‘भावार्थरामायणा’चेही नाव असे. चित्रीकरण झाले ते महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या गुजरातेतील उंबरगाव येथे. आणि अयोध्येचा तो राजवाडा तर मराठी माणसांनी भरलेला होता. कौसल्या झाल्या होत्या जयश्री गडकर, आणि दशरथ झाले होते बाळ धुरी. ही दोघे प्रत्यक्ष जीवनातही पतिपत्नी होती. भरताच्या भूमिकेत संजय जोग होते. पादुका मस्तकी धरणारा तो तरुण १९९५ साली ऐन उमेदीत निवर्तला, तेव्हा अनेक घरांत ‘आपला भरत गेला’ असेच उद्गार निघाले.

आणि मंथरा? येवल्याच्या ललिता पवार! मूकपटांच्या काळात नायिका म्हणून गाजलेल्या या बाईंना १९४० नंतरच्या काही वर्षांत एका चित्रीकरणात बसलेल्या चपराकीने जन्माची इजा झाली, डावा डोळा अधू झाला, आणि नायिकेचे दिवस संपले. दुसरी एखादी खचली असती. बाईंनी त्या अधू डोळ्यालाच आपले सामर्थ्य केले व दुष्ट सासवा आणि कजाग बायका अशा रंगविल्या की पोरे त्यांना पाहून आईच्या पदराआड दडत. मंथरेला शिव्या घालणाऱ्या किती जणांस ठाऊक होते की, त्या वाकड्या नजरेमागे एवढी मोठी तपश्चर्या उभी आहे? दैवाने हिरावून घेतले त्यातूनच काही घडवावे, ही शिकवण मंथरेचे सोंग घेणाऱ्या बाईंच्या आयुष्यात आम्हांस सापडली. रामकथा अशी चोहोंकडून शिकविते.

चित्रातला घोडा

आता शास्त्रार्थ. पडद्यावर धनुष्य घेऊन उभे असलेले अरुण गोविल हे राम आहेत काय? नाहीत, हे लहान मूलही जाणते. मग आपले हात का जोडले जातात? आपली दिशाभूल होते काय?

हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी हजार वर्षांपूर्वीच सोडविला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावर काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी जी थोर टीका लिहिली, तीत श्रीशंकुक नावाच्या आचार्यांचे मत दिले आहे. ते म्हणतात, चित्रात काढलेला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ असे म्हणतो. हे ज्ञान खरे म्हणावे तर त्यावर बसता येत नाही. खोटे म्हणावे तर आपण फसलेलो नसतो. संशय म्हणावा तर मनात संशय नसतो. घोड्यासारखे काहीतरी आहे असे म्हणावे, तर आपण तसेही म्हणत नाही. नटाच्या ठायी होणारी रामबुद्धी ही अशी चौघांहून वेगळी आहे. यालाच ‘चित्रतुरगन्याय’ म्हणतात. पुढे भट्टनायकांनी आणखी एक पायरी चढून सांगितले की, नाट्यात पात्राचे सुखदुःख त्या एकट्याचे राहत नाही, ते सर्वांचे होते. वनवासास निघालेला राम पाहून जी माउली रडते, ती दशरथाच्या मुलासाठीच रडते असे नाही. पोटासाठी दूर गेलेल्या आपल्याही मुलासाठी ती रडत असते.

आपल्या परंपरेस हे नवे नाही. काशीजवळ रामनगरच्या रामलीलेत रामलक्ष्मण होणाऱ्या बालकांस ‘स्वरूप’ म्हणतात व त्यांची आरती होते. कोकणगोमंतकात दशावतार आहे. आपल्याकडे उत्सवाच्या अखेरीस लळित होत असे. १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकारामा’त विष्णुपंत पागनीस अवतरले, तेव्हा लोकांनी त्यांचे पाय धरले. १९५५ सालच्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण वर्षभर चालले, तेव्हा आमचे आजोबा स्नान करून रेडिओपुढे बसत, असे घरात सांगत. कान झाले, मग डोळे झाले. साधन पालटले, साध्य तेच राहिले.

मात्र येथे एक विवेक राखावा. पार्थिव गणपतीची आपण प्राणप्रतिष्ठा करतो आणि ठरल्या दिवशी विसर्जनही करतो. नटाचेही तसेच. पडदा उजळला की त्याच्या ठायी देव पाहावा, मावळला की त्यास माणूस म्हणून मोकळे सोडावे. आपण तेवढे औदार्य नेहमी दाखविले नाही. एकदा हातात सिगारेट पाहून एका भाविकाने चार शब्द सुनावले, तेव्हापासून आपण ती सोडली, असे अरुण गोविल यांनी सांगितले आहे. रामाच्या भूमिकेनंतर इतर भूमिका मिळणे कठीण झाले, असेही ते सांगतात. मूर्ती पूजनीय होते, परंतु टाकीचे घाव दगडालाच सोसावे लागतात, हे भक्तांनी विसरू नये.

आणि घाव सोसूनही भाव कसा राहतो, याचे उदाहरण पाहा. रावणाचे सोंग घेणारे अरविंद त्रिवेदी हे स्वतः रामभक्त. २०२० साली ही मालिका पुन्हा दाखविली जात असताना, वार्धक्याने थकलेले त्रिवेदी घरी संचापुढे बसून सीताहरणाचा प्रसंग पाहत आहेत आणि पाहता पाहता हात जोडीत आहेत, अशी चित्रफीत घरोघर पोहोचली होती. तेहतीस वर्षांपूर्वी केलेल्या अभिनयाबद्दल क्षमा मागणारा तो रावण पाहून आमच्या डोळ्यांत पाणी आले. १९८७ च्या प्रक्षेपणात लोकांनी त्यांचा तिरस्कार केला, २०२० मध्ये त्यांनाच नमस्कार केला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ते रामचरणी लीन झाले.

उंबरठा नसलेले मंदिर

आणखी एक गोष्ट या नगरीतील माणसाने सांगितलीच पाहिजे. आमच्या काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. रामाच्या दर्शनास आलेल्या माणसांस रामाच्याच दारात अडविले गेले, हा आमच्या नगरीच्या कपाळावरील डाग आहे. कीर्तनकाराने तो पुसण्याचा खोटा यत्न करू नये.

दूरदर्शनच्या रामास उंबरठा नव्हता. कोणाच्या घरी जावे, कोणाच्या नाही, हे सांगणारा द्वारपाल तेथे नव्हता. म्हणूनच १९८८ च्या उन्हाळ्यात एक विलक्षण घटना घडली. मालिका राज्याभिषेकाशी संपणार असे कळताच पंजाबातील वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. त्यांची मागणी वेतनाची नव्हती. पुढची कथा दाखवा, आमचे वाल्मीकी, त्यांच्या आश्रमातील सीता आणि लवकुश दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून उत्तरकांडाची कथा प्रक्षेपित होऊ लागली. तीत कुश झालेला स्वप्नील जोशी हा मराठी मुलगा पुढे मोठा नट झाला.

ही वार्ता वर्तमानपत्रात वाचून आमचे वडील म्हणाले होते, “नाथांनी भावार्थरामायण युद्धकांडात ठेवून देह ठेवला. पुढचे कोणी पुरे केले? गावबाने. ज्याला लोक खुळा म्हणत, त्याने! रामकथा अपुरी राहिली की ती पुरी करण्याचा मान राम नेहमी शेवटच्या पंगतीतल्या माणसाला देतो.”

आख्यान

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच मांडला, ते सांगतो.

२०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे देश बंद झाला. मंदिरांची दारे लागली. २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविण्यास आरंभ केला, आणि २ एप्रिल रोजी रामनवमी आली. आमच्या घराण्यात चार पिढ्यांत प्रथमच जन्माचे कीर्तन झाले नाही. बारा वाजता आम्ही घरातील देव्हाऱ्यापुढे एकटे उभे राहून पाळणा म्हणू लागलो, आणि दुसऱ्या कडव्यास कंठ दाटून थांबलो. त्या रात्री नऊ वाजता घरातील सर्वजण संचापुढे बसलो. १९८७ साली ज्या चित्राचा आम्ही राग केला होता, त्याच चित्राने त्या रात्री आम्हांस श्रोत्यांत बसविले. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. तो जागतिक उच्चांक खरा की नाही, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. आम्हांस त्या वादाशी कर्तव्य नाही. बंद दारांआड भयभीत बसलेला देश एकाच वेळी एकच कथा पाहत होता, एवढे पुरे आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात आम्हांस त्या रोगाने गाठले. रुग्णालयात भेटीस कोणी येऊ शकत नसे. शेजारच्या खाटेवर मार्केट यार्डात हमाली करणारे एक गृहस्थ होते, वय पंचावन्नच्या आसपास. नाकाला प्राणवायूची नळी, आणि उशाशी मुलाने ‘रामायणा’चे भाग भरून दिलेला मोबाईल. एकच भाग ते पुनःपुन्हा लावीत. मेघनादाची शक्ती लागून लक्ष्मण पडला आहे, राम शोक करीत आहेत, लंकेहून सुषेण वैद्य आला आहे, आणि हनुमान संजीवनीसाठी उड्डाण करीत आहे. हनुमान होते दारासिंग. त्या काळी त्यांचे वय साठीकडे झुकले होते, परंतु पर्वत उचलताना पाहावे तर वाटे, हा आणीलच.

आम्ही पडल्यापडल्या त्यांना म्हणालो, “पाहिलेत ना? वैद्य शत्रूच्या नगरीचा, पण रुग्णापाशी तो केवळ वैद्य आहे. येथल्या परिचारिका तशाच. आणि मारुती कोणाचा पुत्र? वायूचा! तुमच्या-आमच्या नाकात जो वायू येतो आहे, तो त्याच्याच बापाचा.” ते हसले. नंतर रोज रात्री ते मोबाईल आमच्या बाजूस वळवून ठेवीत, आणि आम्ही त्या चित्राखाली हळू आवाजात निरूपण करीत असू. पलीकडच्या दोन खाटांवरची माणसेही कुशीवर वळून ऐकत. आयुष्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत एकाग्र श्रोतृसमाज आम्हांस तेथे लाभला.

चौथ्या रात्री त्यांचा श्वास फार वाढला. आम्ही म्हणालो, “धीर सोडू नका. मारुती येतोच.” ते थांबत थांबत बोलले, “येतोच ना बुवा. पण एखाद्याचा डोंगर लांब राहतो.”

पहाटे त्यांची खाट रिकामी होती.

आम्ही अनेक ग्रंथ वाचले आहेत. परंतु त्या हमालाच्या वाक्याएवढे श्रद्धेचे निरूपण आम्हांस कोठे आढळले नाही. राम आपले मागणे पुरवील, ही झाली आशा. मागणे पुरले नाही तरी मारुती निघाला होता हे मानणे, ही श्रद्धा. लक्ष्मण मूर्च्छित पडला असता प्रत्यक्ष प्रभू रामचंद्र सामान्य भावासारखे रडतात. वाल्मीकींनी ते अश्रू झाकले नाहीत, आणि मालिकेनेही झाकले नाहीत. जो देव आपल्याबरोबर उशाशी बसून रडू शकतो, त्याच्या हाती रात्र सोपविता येते.

फलश्रुती

१६ नोव्हेंबर २०२०, दिवाळीच्या पाडव्यास मंदिरे उघडली. २०२२ च्या रामनवमीस कीर्तन संपल्यावर एक बाई पुढे आल्या, बुक्का लावून घेतला, आणि म्हणाल्या, “महाराज, आमचे मालक तुमच्या शेजारच्या खाटेवर होते. फोनवर सांगायचे, इथं रोज रात्री कीर्तन असतं म्हणून. ते लक्ष्मणाचं आख्यान एकदा मलाही ऐकायचं होतं.” जन्मोत्सवाच्या दिवशी शक्तीचा प्रसंग लावीत नाहीत. आम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी बोलाविले. तेव्हापासून दरवर्षी नवमीस जन्म आणि दशमीस लक्ष्मणशक्ती, असा आमचा नेमच झाला आहे. त्या माउली पहिल्या रांगेत बसतात. हनुमान उड्डाण करतो त्या ठिकाणी सभामंडपाकडे पाहिले की आमच्या डोळ्यांपुढे दारासिंगांचीच मूर्ती उभी राहते, हे सांगण्यात आम्हांस आज संकोच वाटत नाही.

वाचकहो, ते रविवार आता परत यावयाचे नाहीत. रामानंद सागर २००५ साली गेले, जयश्रीबाई २००८ साली, दारासिंग २०१२ साली, आणि त्या कथेस सूर देणारे अंध संगीतकार रवींद्र जैन २०१५ साली. परंतु सोंग उतरले तरी रंग मागे राहतो. आज बारा वाजता पाळणा हलवून झाल्यावर, घरात कोणी वृद्ध माणूस असेल तर त्याच्याजवळ क्षणभर बसा आणि विचारा, ‘तेव्हा तुम्ही रामायण कोणाच्या घरी पाहत होता?’ तो जे सांगेल ते मुलांना ऐकू द्या. त्यात शेजारी येतील, ओटी येईल, वीज गेल्याची हळहळ येईल, आणि त्या सर्वांच्या मधोमध राम येतील.

आणि आपल्या परिचयात कोणाचा डोंगर लांब राहिला असेल, तर सुंठवड्याची एक पुडी घेऊन आज त्याच्या दारी अवश्य जा.

॥ श्रीरामचंद्रार्पणमस्तु ॥